कोडेक ड्रायव्हर: रजिस्टर अ‍ॅड्रेसची हद्द तपासायची कुठे आणि कशी?

पऱ्हाटी_वर्धा · मंगळवार, रात्री ९:१०

ग्रामपंचायतीच्या भोंग्याचा डबा आहे. आत रास्पबेरी पाय ३, आयटूसीवर (चिपांना जोडणारी दोन तारांची बस) डब्ल्यूएम८७३१ कोडेकचं (आवाजाची चिप) बोर्ड, पुढे अ‍ॅम्प्लिफायर. ड्रायव्हर म्हणजे हातानं लिहिलेलं छोटं कर्नल मॉड्यूल. वरून स्क्रिप्ट आयओसीटीएल (ड्रायव्हरला थेट हुकूम देणारा कॉल) मारते, त्यात दोन आकडे असतात: रजिस्टरचा नंबर आणि व्हॅल्यू. मॉड्यूलमध्ये १६ खणांचा कॅश अ‍ॅरे आहे (चिपला काय लिहिलं त्याची नोंद), ० ते १५. तपासणी एवढीच:

जर रजिस्टर > १६, तर उणे २२ ('आकडा चुकीचा' ही एरर) परत कर.

त्यानंतर कॅशमध्ये लिहितो आणि दोन बाइट पाठवतो. पहिला बाइट म्हणजे रजिस्टर एक घर डावीकडे सरकवून त्यात व्हॅल्यूचा वरचा भाग (व्हॅल्यू आठ घरं उजवीकडे) ऑर केलेला. दुसरा बाइट व्हॅल्यूचे खालचे आठ बिट.

तक्रारी तीन:
१) डाव्या हेडफोनचा व्हॉल्यूम 'दोन्ही बाजू एकदम' बिट लावून पाठवला की फक्त उजवा बदलतो.
२) लाईन-इन मोडला जाताना रजिस्टर ४ मध्ये १० लिहिलं की लाईन-इनही येत नाही आणि फाइलमधली दवंडीही मुकी होते.
३) सेटिंगची फाइल लोड केली की सगळं डिफॉल्टवर जातं. कधीकधी थोड्या वेळानं कर्नलही आपटतो.

डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) आयटूसीची एकही एरर नाही. प्रत्येक लिखाणाला चिप होकार देते. तर हद्दीची तपासणी चुकते की बोर्डच गेलंय?

---

धुरा_नंबर_१६ · मंगळवार, रात्री ९:३२

बोर्ड ठीक आहे भाऊ, धुरा (हद्दीचा बांध) चुकला. अ‍ॅरे ० ते १५ आणि तपासणी 'सोळापेक्षा मोठा'. म्हणजे १६ नंबर सरळ आत जातो. कॅशमध्ये सतराव्या खणात लिहिणं, म्हणजे शेजाऱ्याच्या वावरात नांगर. '१६ किंवा जास्त' असं पाहिजे. १६ हा आकडाही हातानं लिहू नका, अ‍ॅरे-साइझ मॅक्रोकडून घ्या. नाही तर उद्या खण वाढतात आणि आकडा तिथंच राहतो.

रजिस्टरचा टाइप काय ठेवला? आणि स्क्रिप्ट ४ मध्ये नक्की १० च पाठवते का? आयओसीटीएलच्या तोंडाशीच दोन्ही आकडे प्रिंट करा.

---

पऱ्हाटी_वर्धा · मंगळवार, रात्री १०:०५

टाइप एस८ (आठ बिट, चिन्हासह). प्रिंट केलं. रजिस्टर २ ला ६३३ येतं, ४ ला ५२२. फाइल लोड करताना एका ओळीत रजिस्टर उणे ११३, व्हॅल्यू ०. फाइलमध्ये मात्र १४३ लिहिलंय.

---

कर्नलचा_कास्तकार · मंगळवार, रात्री १०:५१

मग सगळं उलगडलं. एकेक घेऊ.

डब्ल्यूएम८७३१ ला अ‍ॅड्रेस ७ बिटांचा, डेटा ९ बिटांचा. दोन्ही मिळून १६ बिट एकाला एक चिकटून जातात, मध्ये कुंपण नाही. 'दोन्ही बाजू' हा नववा बिट, पण मोजणी शून्यापासून असल्यामुळे तो क्रमांक ८, किंमत २५६. स्क्रिप्टनं क्रमांक ९ धरला, म्हणजे ५१२. शिवाय तो सरसकट सगळ्या लिखाणांना लावला, जरी या बिटाला अर्थ फक्त रजिस्टर ० ते ३ मध्ये आहे.

आता ५२२ म्हणजे ५१२ + १०. आठ घरं उजवीकडे सरकवले की उरतात २. रजिस्टर ४ एक घर डावीकडे म्हणजे ८. ८ आणि २ ऑर केले की १०. चिप त्यातले वरचे सात बिट वाचते: ५. म्हणजे १० ही व्हॅल्यू गेली रजिस्टर ५ मध्ये. तिथं १० म्हणजे बिट ३ आणि बिट १: डॅकचं (डिजिटलमधून आवाज बनवणारा भाग) सॉफ्ट म्यूट चालू, डी-एम्फसिस (उंच स्वर उतरवणारा फिल्टर) ३२ किलोहर्ट्झवर. दवंडी मुकी झाली ती यामुळे. आणि ४ ला नवं काही पोचलंच नाही, बायपास (लाईन-इन थेट बाहेर सोडणारी वाट) लागलाच नाही, म्हणून लाईन-इनही नाही. पहिली तक्रारही तशीच: ६३३ म्हणजे ५१२ + १२१, २ चं झालं ३, आणि ३ म्हणजे उजवा हेडफोन.

गंमत पाहा. हीच चूक विषम नंबरावर झाली तर काहीच होत नाही. ५ च्या अ‍ॅड्रेसमध्ये तो बिट आधीच १ आहे, ऑर करून फरक पडत नाही. म्हणून असा बग 'कधी येतो, कधी नाही' असा वाटतो. येतो तो फक्त सम रजिस्टरांवर.

तिसरी तक्रार. एस८ मध्ये १४३ मावत नाही, त्याचा उणे ११३ होतो. उणे ११३ हा १६ पेक्षा मोठा नाही, म्हणून तपासणी त्याला सलाम ठोकून आत सोडते. मग दोन गोष्टी घडतात. कॅशच्या सुरुवातीच्या ११३ घरं मागे लिखाण होतं, कर्नल आपटतो तो यानं. आणि उणे ११३ एक घर डावीकडे म्हणजे उणे २२६, एका बाइटात उरतात ३०. ३० म्हणजे रजिस्टर १५, व्हॅल्यू ०. रजिस्टर १५ हे रिसेट आहे आणि तिथं शून्य लिहिणं हीच रिसेटची आज्ञा.

चिपनं होकार दिला याला अर्थ नाही. आयटूसीची पावती म्हणजे 'बाइट मिळाला' एवढंच. तो नंबर अस्तित्वात आहे की नाही, हे ती सांगत नाही. १० ते १४ या चिपमध्ये नाहीतच, तरी त्यांनाही पावती मिळते.

---

संत्राबाग_मोर्शी · मंगळवार, रात्री ११:०२

राजेहो, पण फाइलमध्ये १४३ आलं कुठून? या चिपला १५ च्या वर काहीच नाही.

---

पऱ्हाटी_वर्धा · मंगळवार, रात्री ११:०९

फाइल दुसऱ्या डब्यातली. त्यात टीएलव्ही३२०एआयसी३२०४ हा दुसराच कोडेक आहे.

---

कर्नलचा_कास्तकार · मंगळवार, रात्री ११:१५

१४३ म्हणजे १२८ + १५. तिथं रजिस्टर १२८-१२८ च्या पानांत असतात, म्हणजे हे पान १, रजिस्टर १५. त्या चिपमध्ये ते उजव्या लाईन-आउटचं राउटिंग, शून्य म्हणजे काहीच जोडू नको. एका गावचा सातबारा दुसऱ्या तलाठ्याकडे नेला. फाइलच्या पहिल्या ओळीत चिपचं नाव टाका आणि लोड करताना जुळवून बघा, तेवढ्यानं हा प्रकार थांबतो. पण ड्रायव्हरनं फाइलवर भरवसा ठेवायचा नसतो.

---

धुरा_नंबर_१६ · बुधवार, सकाळी ७:४०

तपासणी या क्रमानं करा:

आकडे वापरकर्त्याकडून यू३२ (३२ बिट, चिन्हाविना) मध्येच घ्या. यू८ मध्ये घेतलं तर २७१ चा १५ होतो, म्हणजे पुन्हा रिसेट. टाइप लहान करायचा तो सगळ्या तपासण्या झाल्यावर.
रजिस्टर १५ पेक्षा मोठा असेल तर नकार.
१० ते १४ असेल तर नकार.
१५ असेल तर बाहेरून येणाऱ्या वाटेवर नकार. रिसेट ड्रायव्हरनं स्वतः करावं.
व्हॅल्यू ५११ पेक्षा मोठी असेल तर नकार.

इथपर्यंत कॅशला हात लावायचा नाही. आयटूसीवर लिखाण यशस्वी झालं तरच कॅश बदलायचा. मूळ कोडमध्ये कॅश आधी आणि तार नंतर आहे. तार हुकली तर कॅश खोटं बोलतो, आणि ही चिप उलट वाचताच येत नसल्यानं ते खोटं कधी पकडलं जात नाही.

आणखी एक. वापरकर्त्याच्या आकड्यानं अ‍ॅरे उघडत असाल तर तपासणीनंतर अ‍ॅरे-इंडेक्स-नोस्पेक मधून तो आकडा काढा. पाय ३ च्या कॉर्टेक्स ए५३ ला स्पेक्टरची (प्रोसेसरनं अंदाजानं पुढे धावण्यातून माहिती गळण्याचा दोष) बाधा नाही, पण हेच मॉड्यूल उद्या पाय ४ वर चढेल आणि तिथला ए७२ त्यात सापडतो.

---

आर्वी_नाका · बुधवार, सकाळी ८:२०

मले एक समजत नाही. कर्नलमध्ये डब्ल्यूएम८७३१ चा ड्रायव्हर तयार पडला आहे, रेगमॅपवर (रजिस्टर लिहा-वाचायची कर्नलची तयार सोय) चालते. मग हे हाताचं मॉड्यूल काऊन लिहून राहिले? रेगमॅप लावा, हद्द तोच पाहते. अ‍ॅमिक्सर कमांडनं व्हॉल्यूम फिरवा, आयओसीटीएलची भानगडच नको.

---

कर्नलचा_कास्तकार · बुधवार, सकाळी ९:०५

सल्ला बरोबर, पण 'हद्द तोच पाहतो' हे अर्धंच खरं. रेगमॅप २०११ साली लिनक्स ३.१ मध्ये आला, ऑडिओ कोडेकांच्या कॅशचा गोंधळ हेच त्यामागचं मोठं कारण. तो काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे वेगळं करून घ्या. (नावं उच्चारानं लिहितोय, अंडरस्कोर सोर्समध्ये बघून घ्या.)

मॅक्स-रजिस्टर म्हणजे शेवटचा वैध अ‍ॅड्रेस, रजिस्टरांची संख्या नाही. इथं १५. संख्या लिहिली की धुरा एका घरानं सरकतो, वरचाच बग पुन्हा.

मॅक्स-रजिस्टर भरलंच नाही तर ते शून्य राहतं, आणि शून्याचा अर्थ 'तपासू नको' असा घेतला जातो. 'फक्त शून्य नंबरच वैध' असा नाही. एकाच रजिस्टरची चिप असेल तर नव्या कर्नलमध्ये त्यासाठी मॅक्स-रजिस्टर-इज-झीरो असा वेगळा झेंडा आहे.

मधली भोकं मॅक्स-रजिस्टरला दिसत नाहीत. त्यासाठी राइटेबल-रेग फंक्शन किंवा राइट-टेबल द्यावं लागतं. टेबलमध्ये यस-रेंजेस: ० ते ९, आणि १५ ते १५. नो-रेंजेस आधी तपासल्या जातात. यस-रेंजेस रिकाम्या ठेवल्या तर नो मध्ये नसलेलं सगळं चालतं असं तो धरतो. इथं लोक फसतात: नो मध्ये १० ते १४ टाकतात, मॅक्स विसरतात, आणि १६ पासून पुढे मोकळं रान.

नकार मिळतो तेव्हा साध्या रेगमॅप-राइटला उणे ५ येतं, उणे २२ नाही. उणे ५ म्हणजे आय/ओ एरर, म्हणून माणूस तारा हलवत बसतो. आधी टेबल बघा. एकगठ्ठा रॉ-राइटमध्ये हाच नकार उणे २२ म्हणून येतो.

आणि मोठी गोष्ट: ७-९ च्या साच्यात (७ बिट अ‍ॅड्रेस, ९ बिट डेटा) रेगमॅप व्हॅल्यूची रुंदी तपासत नाही. तोही अ‍ॅड्रेस नऊ घरं सरकवतो आणि व्हॅल्यू ऑर करतो. रेगमॅप-राइटला ४ आणि ५२२ द्या, बिनबोभाट रजिस्टर ५ मध्ये जाईल. अपडेट-बिट्स (निवडलेले बिटच बदलणारं फंक्शन) मास्क लावतो, त्यामुळे मास्क नीट असेल तर वाचतो. म्हणजे रेगमॅप लावूनही ५११ ची तपासणी तुमच्याकडेच.

---

आर्वी_नाका · बुधवार, सकाळी ९:१८

अरे बाप्पा. हे व्हॅल्यूचं माहीत नव्हतं.

---

हळद_आणि_सोल्डर · बुधवार, दुपारी १:३०

डिफॉल्ट-टेबलचंही (रिसेटनंतरच्या व्हॅल्यूंची यादी) लिहा कुणी. डब्ल्यूएम८७३१ वाचता येत नाही, त्यामुळे अपडेट-बिट्स जुनी व्हॅल्यू कॅशमधूनच घेतो. एखाद्या रजिस्टरचं डिफॉल्ट द्यायचं राहिलं तर आरबी-ट्री कॅशमध्ये (दिलेलीच रजिस्टर ठेवणारा) ते सापडत नाही, मग तो चिपकडे वळतो, ७-९ साच्यात वाचन बंदच असतं, आणि परत उणे ५. फ्लॅट कॅश (सगळ्यांसाठी सलग अ‍ॅरे) असेल तर उलट, तो गपचूप शून्य देतो. शून्य ही या चिपची खरी डिफॉल्ट फक्त ८ आणि ९ ला. लाईन-इन १५१, हेडफोन १२१, ४ ला १०, ५ ला ८, ६ ला १५९, ७ ला १०. रजिस्टर ६ पॉवर-डाउनचं आहे, तिथं शून्य धरून एक बिट बदलला तर सगळे ब्लॉक जागे होतात आणि भोंग्यात दणका बसतो.

फ्लॅट कॅशचा दुसरा धोका: त्याची जागा मॅक्स-रजिस्टर + १ एवढी. डिफॉल्ट-टेबलमध्ये चुकून त्याच्या पुढचा अ‍ॅड्रेस टाकला तर सुरुवातीलाच हद्दीबाहेर लिखाण. टेबल भरतो तो ड्रायव्हरवाला, म्हणून तिथं कुणी संशय घेत नाही.

---

संत्राबाग_मोर्शी · बुधवार, दुपारी २:१०

दुसऱ्या डब्यातल्या एआयसी३२०४ चं काय? तिथं तर पानं आहेत, प्रत्येक पानावर ० ते १२७.

---

कर्नलचा_कास्तकार · बुधवार, संध्याकाळी ६:४५

पानांच्या चिपमध्ये अ‍ॅड्रेस म्हणजे दोन गोष्टी: पान आणि पानावरचा नंबर. बाहेरून एकच सलग आकडा ठेवायचा, पान × १२८ + नंबर. रेगमॅपमध्ये रेंज-कॉन्फिग असतं: रेंज-मिन ०, विंडो-स्टार्ट ०, विंडो-लेन १२८, सिलेक्टर-रेग (पान निवडणारं रजिस्टर) ०, सिलेक्टर-मास्क २५५. रेंज-मॅक्स तुमच्या यादीतलं शेवटचं रजिस्टर. मेनलाइन (अधिकृत कर्नलमधल्या) ड्रायव्हरच्या यादीत ते पान १ चं १२३ आहे, म्हणजे २५१. रेंज-मॅक्स हे मॅक्स-रजिस्टरपेक्षा मोठं लिहिलं तर रेगमॅप सुरूच होत नाही, उणे २२ देऊन थांबतो. हे बरं.

हातानं पानं फिरवली तर तीन खड्डे. एक, पान बदलणं आणि लिखाण यांच्यावर एकच लॉक हवा. दोन धागे मध्ये घुसले तर नंबर बरोबर, पान चुकीचं, आणि दोघांचीही हद्द-तपासणी पास झालेली असते. दोन, रिसेटनंतर चिप पान ० वर जाते, पण ड्रायव्हरनं लक्षात ठेवलेलं पान जुनंच राहतं. तीन, प्रत्येक पानाचा शून्य नंबर हा पान-निवडीचाच आहे. १२८ वर कुणी सेटिंग म्हणून लिहिलं तर पान बदलेल. बाहेरच्या वाटेवर १२८ नं निःशेष भाग जाणारा प्रत्येक आकडा नाकारा.

पीसीएम५१२२ (पानांचीच आणखी एक आवाजाची चिप) वाल्यांसाठी: तिथं मेनलाइन ड्रायव्हर पान २५६ चं धरतो आणि मोजणी २५६ पासून सुरू करतो. पान ० चं रजिस्टर २ म्हणजे २५८. एकाचं गणित दुसऱ्याला लावू नका.

---

पऱ्हाटी_वर्धा · बुधवार, रात्री ८:३०

एक आयओसीटीएल एकगठ्ठा लिखाणाचा पण आहे, सुरुवात आणि संख्या. त्यात 'सुरुवात + संख्या > १६ तर नकार' असं आहे. चालेल?

---

धुरा_नंबर_१६ · बुधवार, रात्री ८:५२

नाही. सुरुवात १०, संख्या ४२९४९६७२९० देऊन बघा. यू३२ मध्ये बेरीज ४ येते आणि तपासणी पास. बेरीज करूच नका. आधी सुरुवात शेवटच्या अ‍ॅड्रेसपेक्षा मोठी नाही हे बघा, मग संख्या ही 'शेवट − सुरुवात + १' पेक्षा मोठी नाही हे बघा. या क्रमानं वजाबाकी कधी शून्याखाली जात नाही. संख्या शून्य असेल तर तिथूनच परत.

गठ्ठ्यातला प्रत्येक अ‍ॅड्रेस भोकांसाठी स्वतंत्र तपासा, आणि सगळे पास झाल्यावरच पहिला बाइट पाठवा. अर्धा गठ्ठा गेला आणि नकार आला तर चिप मधल्याच अवस्थेत अडकते.

---

उन्हाळी_४६ · गुरुवार, दुपारी १२:१५

एवढं सगळं केल्यावरही आवाज गेला तर? इकडं सभामंडपाच्या टिनाखाली डबा, कोडेकचं बोर्ड वेगळ्या सप्लायवर, आणि लाईन दिवसातून दहा वेळा झोका खाते.

---

हळद_आणि_सोल्डर · गुरुवार, दुपारी ३:४०

तो वेगळा रोग, पण लक्षण तेच. ड्रायव्हरची तपासणी तारेवर चढण्याआधी होते. आयटूसीत बाइटाला चेकसम नाही. तारेत एक बिट उलटला तर वैध ४ चा वैध ५ होईल आणि चिप पावतीही देईल. पाय ३ च्या आयटूसीवर १.८ किलोओहमचे पुल-अप (तार वर ओढून धरणारे रेझिस्टर) आधीच आहेत, बोर्डावरचे वेगळे मिळून ओढ जास्त होते का ते मोजा. बसची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत, म्हणजे केबल वीतभरच ठेवा, अ‍ॅम्प्लिफायरच्या तारेला समांतर नेऊ नका. कॉन्फिग फाइलमध्ये आयटूसी-आर्म-बॉडरेट ५०००० करून बघा, कंट्रोलच्या चार आकड्यांना एवढा वेग पुष्कळ.

सप्लायच्या झोक्यानं फक्त कोडेक रिसेट झाला आणि पाय तसाच चालू राहिला तर कॅश आणि चिप वेगळे पडतात. उपाय रेगमॅपचे मार्क-डर्टी (कॅश आणि चिप जुळत नाहीत अशी खूण) आणि सिंक (कॅशवरून चिप पुन्हा लिहिणं). पण इथं एक चकवा आहे. मार्क-डर्टी केलं की रेगमॅप धरतो की चिप डिफॉल्टवर आहे, म्हणून डिफॉल्टपेक्षा वेगळ्या व्हॅल्यूच तो लिहितो. गोंगाटानं एखादं डिफॉल्टवालं रजिस्टर बिघडलं असेल तर ते तसंच राहणार. म्हणून क्रम असा: अ‍ॅम्प्लिफायर म्यूट, रजिस्टर १५ ला शून्य, मार्क-डर्टी, सिंक, मग म्यूट काढा.

---

आर्वी_नाका · गुरुवार, संध्याकाळी ७:००

आयटूसी-सेट कमांडनं थेट लिहून पाहणाऱ्यांसाठी: कोडेकचा पत्ता हेक्स १ए (सीएसबी पिन वर असेल तर १बी). तिथं 'रजिस्टर' म्हणून जो आकडा देता तो या चिपसाठी रजिस्टर × २ असते. रजिस्टर ६ ला १२ द्या. ३० दिला न् शून्य लिहिलं की रिसेट. ड्रायव्हर जोडलेला असताना आयटूसी-डिटेक्टमध्ये त्या पत्त्यावर यूयू (म्हणजे ड्रायव्हरच्या ताब्यात) दिसते, तिथं जबरदस्तीचा एफ लावून लिहाल तर कॅशला पत्ताच लागत नाही. आधी ड्रायव्हर अनबाइंड करा. वाचता येणाऱ्या चिपवर आयटूसी-डंप (सगळे रजिस्टर वाचणारी कमांड) पण जपून, काही स्टेटस रजिस्टर वाचलं की साफ होतात.

---

धुरा_नंबर_१६ · गुरुवार, रात्री ९:२०

चाचणीचे आकडे देतो. अ‍ॅड्रेस: ०, ९, १०, १४, १५, १६, १२७, १२८, १४३, २५५, २५६, २७१, ४२९४९६७२९५. व्हॅल्यू: ०, ५११, ५१२, ५२२, ६३३, ६५५३५. प्रत्येक जोडी. ० ते ९ आणि ५११ पर्यंतच्या सोडून सगळ्यांना उणे २२ यायला पाहिजे, आणि लॉजिक अ‍ॅनालायझरवर त्या वेळी तार सपाट दिसली पाहिजे. नुसता एरर कोड पाहून थांबू नका. चाचणीच्या कर्नलमध्ये कासॅन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू ठेवा, कॅशच्या मागचं-पुढचं लिखाण तोच पकडतो.

रेगमॅपवर आलात तर डीबगएफएसमध्ये (कर्नलची तपासणीची फाइलसिस्टिम) रेगमॅप फोल्डरात अ‍ॅक्सेस नावाची फाइल असते. प्रत्येक अ‍ॅड्रेसपुढे चार खुणा, वाय किंवा एन: वाचता येतो, लिहिता येतो, व्होलाटाइल (चिप स्वतः बदलते), प्रेशियस (उगाच वाचू नये असा). डेटाशीट शेजारी उघडून ती ओळीनं ताडा.

---

पऱ्हाटी_वर्धा · शुक्रवार, सकाळी ६:५०

यू३२, ५११ ची तपासणी आणि १० ते १५ चा नकार टाकला. स्क्रिप्टमध्ये ५१२ चं २५६ केलं आणि तो बिट फक्त ० ते ३ साठी ठेवला. वरच्या ७८ जोड्यांपैकी ४ आत गेल्या (० आणि ९, प्रत्येकी ० आणि ५११), ७४ ला उणे २२. अ‍ॅनालायझरवर चारच फ्रेम. मात्र रजिस्टर ९ ला ५११ लिहिल्यावर काही दिसलं नाही.

---

कर्नलचा_कास्तकार · शुक्रवार, सकाळी ७:३५

९ मध्ये फक्त बिट ० ला अर्थ आहे, अ‍ॅक्टिव्ह. बाकीचे राखीव. म्हणजे अ‍ॅड्रेसनंतर आता प्रत्येक रजिस्टरचा वैध बिटांचा मास्क लावा: ९ साठी १, ६ साठी २५५, ५ साठी ३१. डेटाशीटमध्ये राखीव बिट शून्यच ठेवायला सांगितलेत.